सेक्रेटरी झालेल्या मित्रास

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

कॉलेजच्या क्लबचा सेक्रेटरी झालास, अभिनंदन! पण तुझ्या मेसेजमध्ये आनंदापेक्षा वैतागच जास्त दिसला. 'ग्रुपवर कोणी रिप्लायच देत नाही रे, क्लब चालवायचा कसा?' याचं उत्तर दोन ओळींत मावणार नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

तू पाठवलेला स्क्रीनशॉट पाहिला. 'वर्कशॉपसाठी व्हॉलंटिअर्स हवेत, इंटरेस्टेड असाल तर कळवा.' खाली दोनचार अंगठे, एक 'ऑल द बेस्ट', आणि पुढे सामसूम. पोरं आळशी आहेत असं तुझं म्हणणं. मला ते पटत नाही. लाताने आणि डार्ली या दोन मानसशास्त्रज्ञांचा १९६८ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे, आणि त्यातही कॉलेजचीच मुलं होती. प्रत्येकाला वेगळ्या खोलीत बसवून इंटरकॉमवर बोलायला लावलं. बोलता बोलता पलीकडच्या एकाला फिट आल्याचा आवाज आला (तो रेकॉर्ड केलेला होता, पण मुलांना ते ठाऊक नव्हतं). ऐकणारे आपण एकटेच आहोत असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यातले ८५ टक्के आवाज थांबायच्या आत मदत मागायला बाहेर पडले. आणखी चौघं ऐकताहेत असं ज्यांना वाटलं, त्यांच्यात हे प्रमाण ३१ टक्क्यांवर आलं. जिवावर बेतलेलं असताना ही गत, तर तुझ्या वर्कशॉपला कोण विचारतो! ग्रुपवरचा प्रत्येक जण मनात म्हणतो, 'एवढे जण आहेत, करेल कोणीतरी.'

तेव्हा नाव घेऊन विचार, तेही वेगळा मेसेज करून. 'शुक्रवारी चार ते सहा रजिस्ट्रेशनच्या टेबलावर बसशील का? सोबत थर्ड इयरचा एक जण असेल. नसेल जमत तर बिनधास्त नाही म्हण, मी दुसऱ्याला विचारतो.' यातलं शेवटचं वाक्य गाळू नकोस. 'नाही' म्हणायची सोय नसली की लोक 'हो' म्हणतात आणि ऐन दिवशी फोन उचलत नाहीत. त्यापेक्षा आधीचा स्वच्छ नकार कधीही परवडला.

सूचनांसाठी वेगळा ग्रुप कर आणि तिथे फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल असं ठेव. गप्पांचा ग्रुप मात्र बंद करू नकोस. तिथल्या फालतू जोक्सनी तुझं डोकं उठत असेल, पण मंडळी क्लबात टिकतात ती बरीचशी त्याच जोक्समुळे. तारीख ठरवायला पोल टाक, भांडण मिटवायला मुळीच नको. पोलने भांडण मिटत नाही, कोण कोणाच्या बाजूला आहे तेवढं चव्हाट्यावर येतं.

आता मला खरी काळजी वाटते ती फर्स्ट इयरच्या मुलांची. पहिल्या मीटिंगला खोली भरते, तिसऱ्या मीटिंगला जुनी टाळकी तेवढी उरतात. गेलेल्यांपैकी ग्रुप कोणी सोडत नाही, म्यूट करतात, त्यामुळे सदस्यसंख्या भरगच्च दिसते आणि आपण खूश. मीटिंगमध्ये एकदा कोपऱ्यात बसून बघ. सीनियर्स मागच्या वर्षीच्या कुठल्याशा फजितीवर खो खो हसताहेत आणि एखादी नवीन मुलगी काही न कळता उगाच हसून घेतेय. त्यात कोअर टीमच्या ग्रुपवर सगळं आदल्या रात्रीच ठरलेलं. मग मीटिंगमध्ये 'कोणाला काही सुचवायचंय?' हे विचारणं निव्वळ तोंडदेखलं, आणि नवीन पोरांना ते बरोबर कळतं. दोनतीन निर्णय तरी खरोखर मीटिंगसाठी राखून ठेव. एखाद्याची सूचना घेतली नाहीस तर का नाही घेतली ते त्याला सांग. नकार पचतो रे, दुर्लक्ष नाही पचत. आणि पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाच्या हातात काहीतरी छोटं काम दे, फोटो काढायचं का असेना.

कोणाचे कान उपटायचे असतील तर समोर बसून, चारचौघांत नाही आणि टाइप करून तर नाहीच. तुझी चिडल्यावरची टिंबं टिंबं मला ओळखू येतात, ज्युनियर्सना ती धमकी वाटतात.

आणखी एक, हे आजच कर. क्लबचा ईमेल आणि इन्स्टाग्राम कोणाच्या नंबरवर आहे ते तपास. बहुतेक ठिकाणी तो पास आउट झालेल्या कुठल्यातरी सीनियरचा असतो. इव्हेंटच्या आदल्या रात्री लॉगिन अडकतं, ओटीपी त्याच्या फोनवर जातो आणि साहेब गाढ झोपलेले असतात. नंबर बदलून घे, आणि पासवर्ड तुझ्याशिवाय आणखी एका पदाधिकाऱ्याकडे असू दे.

पुढच्या मीटिंगचा अजेंडा मला आधी पाठव, नजर टाकतो.

तुझाच,
माजी सेक्रेटरी

ता. क. पोस्टर करणारी मुलगी न सांगता ग्रुपमधून बाहेर पडली म्हणालास. ग्रुपवर चौकशी करत बसू नकोस, सरळ तिला फोन कर. आणि त्या पोस्टरवर तिचं नाव टाकलं होतं का, ते फोन करायच्या आधी बघून घे.