शाळेपर्यंत चालू द्या की!

महोदय,

मुले खेळत नाहीत, सतत मोबाइलमध्ये असतात, ही तक्रार आपण पालकच करतो. आणि जेमतेम किलोमीटरभरावरच्या शाळेत त्यांना गाडीवरून सोडतोही आपणच. (मीही त्यातलाच.) ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटे तरी दम लागेल अशी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. जगभरातील ११ ते १७ वयोगटातली ८० टक्क्यांहून अधिक मुले तेवढी करत नाहीत, हेही तिनेच नोंदवले आहे. किलोमीटरभर झपझप चालायला साधारण १२ मिनिटे लागतात. जाऊन-येऊन पंचवीसेक मिनिटे झाली, तीही कुठला क्लास न लावता! शिवाय रस्ता ओलांडण्याचा अंदाज येतो, वाटेत मित्रांशी गप्पा होतात.

भीती वाहनांची असते, आणि ती खरी आहे. पण शाळेच्या फाटकापाशी होणारी गर्दी आपल्याच गाड्यांची असते ना? चार घरांतली मुले एकत्र निघावीत, एका पालकाने आळीपाळीने सोबत चालावे. लांब राहणाऱ्यांनी गाडी थोडी अलीकडेच थांबवावी. पदपथ मोकळे ठेवणे आणि शाळेजवळ वाहनांचा वेग ताशी ३० किलोमीटरच्या आत ठेवणे, हे मात्र प्रशासनाचेच काम आहे.

– एक पालक