एक ऊन कमी

आगाशी,
30 डिसेंबर 2025

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. नाताळच्या दिवशी तुझा फोन आला तेव्हा ओटीवर पाय ठेवायला जागा नव्हती. आत्याकडची मंडळी, मामा, पोरंटोरं, तळणीत पिठाचे फुगे आणि चुलीवर मांसाचं इंद्याल. धड बोलता आलं नाही, म्हणून आज निवांत लिहायला बसलोय. पाहुणे सव्वीसला संध्याकाळी गेले आणि घर एकदम शांत झालं. मला नाताळ खरा त्यानंतर लागतो.

कारण तुला माहीत आहे. वर्षभर मी सहाच्या सुमाराला घर सोडतो, विरारहून चर्चगेट गाठतो आणि परततो तो अंधार पडल्यावरच. वाडीत ऊन कुठून कुठे सरकतं हे मी विसरूनच गेलो होतो. यंदा शिल्लक रजा एकत्र करून आठ दिवस घरी राहिलो. पहाटे विहिरीच्या पाण्यावर वाफ दिसते, केळीच्या पानांवरून दव टपटप पडत राहतं आणि दूरवर नंदाखालच्या चर्चची घंटा होते. हवा इतकी स्वच्छ असते की ती घंटा अगदी पलीकडच्या वाडीत वाजतेय असं वाटतं. पाटाच्या कडेने पांढरा धोबी शेपूट हलवत फिरतो. एवढासा पक्षी हिमालयाकडून इथवर येतो, आणि मी मात्र इथलाच असून त्याला रविवारीच भेटतो.

या दिवसांतलं मोठं काम म्हणजे सुकेळी, उन्हात वाळवलेली केळी. आपण शाळेतून येताना मांडवावरची पळवायचो, आठवतं? आता आमच्या आळीत फार थोडी घरं करतात. त्यासाठी लागणाऱ्या राजेळी केळीची लागवड कमी झाली आणि एवढी मेहनत घ्यायला माणसं उरली नाहीत. बाबांनी मात्र एकही वर्ष चुकवलं नाही. यंदा दिवाळीनंतर त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी उन्हात वाकायला मनाई केली, तेव्हा काम माझ्याकडे आलं. पिकलेली केळी सोलायची, मांडवावर एकमेकांना चिकटणार नाहीत अशी मांडायची, दुपारी उलटायची आणि दव पडायच्या आत गोळा करून, चटईत गुंडाळून घरात घ्यायची. असं सात-आठ दिवस.

पहिल्या दिवशी केळं पांढरट आणि बुळबुळीत असतं. तिसऱ्या दिवशी आक्रसायला लागतं, अंगावर सुरकुत्या येतात आणि मधासारखा चीक सुटतो. त्यावर माश्या बसू नयेत म्हणून आई पदर सावरत राखणीला बसते. पुढे रंग गडद सोनेरी होत जातो. झालं की नाही हे मला बघून कळत नाही. बाबा सावलीत बाजेवर बसलेले असतात. मी केळं त्यांच्या हातात देतो, ते अंगठा आणि तर्जनीत हलकेच दाबतात आणि म्हणतात, "अजून एक ऊन." डोळ्यांवर काळा चष्मा, पण बोट चुकत नाही. चाळीस वर्षं हे माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी शिकलो ते यंदा. वाईट वाटलं, आणि शिकलो याचा आनंदही झाला.

रविवारी पवित्र कुटुंबाचा सण होता. चर्चमधली मिस्सा झाल्यावर सगळे चालत अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर गेलो. वलांडीवर, म्हणजे मासे वाळवायच्या दांड्यांवर, बोंबील वाळत होते. या दिवसांत आपल्याकडे जिकडे तिकडे काहीतरी वाळतच असतं बघ. ओहोटीच्या ओल्या वाळूत कुरव पक्ष्यांचा थवा वाऱ्याकडे तोंड करून बसला होता आणि समोर किल्ल्याचं बेट धुक्यात अर्धंच दिसत होतं. बाबांनी किनाऱ्यावर बसून नुसता आवाज ऐकला. बराच वेळ कोणीच बोललं नाही.

संध्याकाळी धाकटी घरातल्या नाताळच्या गोठ्याच्या देखाव्यापाशी जाते. महिन्याच्या सुरुवातीला तिने पेरलेली नाचणी आता वीतभर झाली आहे. बाळ येशूला भेटायला तीन राजांच्या मूर्ती खिडकीपासून निघाल्यात आणि ती रोज त्यांना एक वीत पुढे सरकवते. आज ते शिवणाच्या मशीनवर मुक्कामाला आहेत. रविवारी, चार तारखेला, पोहोचतील. मग आम्ही दिवे मालवून ओटीवर बसतो. अंगणात कागदाचा तारा तेवढा जळत असतो आणि माडांच्या वर मृग नक्षत्र चढलेलं असतं, मागोमाग व्याधाचा तारा. आजी असती तर म्हणाली असती, "शाल घे रे." आता ते आई म्हणते.

काल पहिली सुकेळी उतरली. वाळलेल्या केळीच्या पातीत बांधताना बाबांनी तुझी आठवण काढली. म्हणाले, "त्याला मऊ आवडायची. त्याच्यासाठी दहा-बारा एक ऊन कमी ठेवून बाजूला काढ." तशी काढून ठेवली आहेत, फडताळात, वरच्या फळीवर. मऊ सुकेळी फार दिवस टिकत नाहीत. मी पाच तारखेला कामावर जाणार आहे, तेव्हा शक्यतो रविवारच्या आत ये. पुण्याहून निघताना फोन कर, मी स्टेशनवर घ्यायला येतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
आगाशीकर