दाते यांच्या सूचीत नसलेले एक पुस्तक

तीर्थरूप आई व बाबा यांस साष्टांग नमस्कार. वि. वि.

निवृत्ती दोन वर्षांवर आली तरी मी रविवारीसुद्धा ग्रंथालयात जाऊन एवढे काय लिहीत असते, असे आईने मागच्या आठवड्यात विचारले होते. फोनवर ते नीट सांगता आले नाही, म्हणून हे पत्र.

माझ्या टेबलावर शंकर गणेश दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ कायम असते. तिच्या पहिल्या भागात १८०० ते १९३७ या काळात छापलेल्या मराठी पुस्तकांच्या नोंदी आहेत आणि १९६१ साली निघालेल्या दुसऱ्या भागात १९३८ ते १९५० पर्यंतच्या. दाते १९६४ साली गेले. दि. वि. काळे आणि शं. ना. बर्वे यांच्यासह ज्या सूचीवर त्यांचे नाव आहे, ती १८०० ते १९५० या काळातील मराठी नियतकालिकांची सूची मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाने १९६९ साली प्रसिद्ध केली, म्हणजे ती छापून झालेली पाहणे त्यांच्या वाट्याला आलेच नाही. हे मला फार लागते. मराठीत संशोधन करणारा प्रत्येक जण कधी ना कधी त्यांच्या दारी जातो, पण त्यांचे नाव किती थोड्या घरांत ठाऊक आहे!

आई, तुला वाटते की मी पुस्तके वाचत बसते. खरे म्हणजे सूचिकाराला पुस्तक वाचण्यापेक्षा तपासावे अधिक लागते. शीर्षकाचे पान फाटलेले असेल, तर शेवटच्या पानावरचे छापखान्याचे नाव शोधायचे; ‘गोविंदाग्रज’ आणि राम गणेश गडकरी ही एकच व्यक्ती आहे हे वाचकाला कळेल अशी सोय करायची; पुस्तक नवे आहे की जुन्याचीच दुसरी आवृत्ती, हे दोन्ही प्रती शेजारी ठेवून ठरवायचे. शकाचे इसवी सन करताना अठ्ठ्याहत्तर मिळवले की झाले, असे बाबांनी मला लहानपणी पंचांग दाखवून शिकवले होते. पण शक चैत्रात बदलतो आणि सन जानेवारीत, त्यामुळे महिना ठाऊक नसेल तर दोन्ही सने लिहावी लागतात.

आता मुख्य गोष्ट. बाबा, पणजोबांनी अभंगांचे एक लहानसे पुस्तक छापून घेतले होते आणि घरातली शेवटची प्रत वाळवीने खाल्ली, असे तुम्ही नेहमी सांगत आलात. दाते यांच्या सूचीत मी ते कितीदा तरी शोधले होते. तिथे ते नाही. १८६७ च्या कायद्याने छापखान्यांना पुस्तकांच्या प्रती सरकारकडे द्याव्या लागत, पण आडगावच्या छापखान्यातली प्रत्येक चोपडी तिथवर पोहोचलीच असेल असे नाही. गेल्या महिन्यात एका जुन्या वाचनालयातून आमच्याकडे आलेल्या गठ्ठ्यात, दोन पंचांगांच्या मधे, ते मला सापडले. बत्तीस पाने आहेत आणि कागद इतका ठिसूळ झाला आहे की पान उलटताना खाली पुठ्ठा धरावा लागतो. वर शके १८३१ असे छापले आहे आणि प्रस्तावनेखाली विजयादशमीची तिथी आहे, म्हणून मी १९०९ हे साल धरले. त्या दिवशी मला पुढचे काम सुचेना. मी नुसती ते हातात धरून बसले होते.

दाते यांच्या नजरेतून निसटलेल्या पुस्तकांची जी पुरवणी मी करते आहे, तिच्यात पणजोबांची नोंद इतर नोंदींइतक्याच ओळींची असेल, एकही जास्त नाही. मात्र ती पूर्ण असावी असे मला मनापासून वाटते. पुस्तकावर त्यांच्या वडिलांचे नाव नाही, केवळ आद्याक्षर आहे. देवघरातल्या कपाटात जुन्या कुंडल्यांची गुंडाळी आहे ना, ती आईकडून काढून घेऊन पणजोबांच्या वडिलांचे नाव आणि जन्माचा शक पाहावा, आणि महिनाही सांगावा. अक्षर लागत नसेल तर फोटो पाठवला तरी चालेल. तेवढ्यासाठी ती नोंद मी पेन्सिलीने लिहून ठेवली आहे.

तुमची,
मुलगी