पाकिटातलं नाव

मस्कत, ओमान

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "तिथे निवडणुका नाहीत, मग कारभार चालतो कसा?" बोलणं अर्धंच राहिलं, म्हणून लिहितेय.

निवडणूक होते, बाबा. दर चार वर्षांनी 'मजलिस अल-शूरा'ची, म्हणजे ओमानच्या खालच्या सभागृहाची. २०२३ मध्ये सगळं मतदान मोबाइलवर झालं, ९० जण निवडून आले आणि त्यांत एकही बाई नाही. आई, मला फार वाईट वाटलं गं. शूरा आरोग्य, शिक्षण अशा खात्यांच्या मंत्र्यांना जाब विचारू शकते, पण संरक्षण आणि परराष्ट्र खात्यांना नाही. राजकीय पक्षांना बंदी आहे. वरचं सभागृह सुलतान, म्हणजे इथले राजेच नेमतात. त्यांचं फर्मान राजपत्रात आलं की तो कायदा. तालुकापातळीला 'वाली' असतो, आपल्या तहसीलदारासारखा, लोक त्याच्याकडे गाऱ्हाणी नेतात.

खरी गोष्ट मात्र एका पाकिटाची. सुलतान काबूस १९७० साली वडिलांना हटवून गादीवर बसले, ते पन्नास वर्षं. पंतप्रधान तेच, संरक्षण, अर्थ, परराष्ट्र खातीही त्यांच्याकडेच. मूलबाळ नव्हतं. कायदा असा, की राजघराण्याने तीन दिवसांत वारस ठरवावा, नाही जमलं तर सुलतानांनी लिहून ठेवलेलं बंद पत्र उघडावं. १० जानेवारी २०२० ला ते गेले. घराण्याने वाद घातला नाही, थेट पाकीट उघडायला सांगितलं. टीव्हीवर सगळ्यांदेखत ते फोडलं, चुलतभाऊ हैथम बिन तारिक यांचं नाव निघालं. शेजारच्या ओमानी मावशी टीव्हीसमोर रडत होत्या. माझ्या मनात एकच, साऱ्या देशाचं पुढचं आयुष्य एका कागदावर! पुढे २०२१ मध्ये नवा मूलभूत कायदा आला, आता थोरला मुलगा वारस, युवराज थियाझिन. पाकिटाची गरज उरली नाही.

मी इथे सुखात आहे. रात्री दहाला एकटी घरी येते, कुणी वळूनही बघत नाही. पण सुलतानांवर टीका करणं हा गुन्हा आहे. विषय निघाला की माणसं आवाज खाली आणतात, आणि ती शांतता मला झेपत नाही. तुम्ही निवडणूक ड्युटीवरून पहाटे घरी यायचात, मतपेट्या सुखरूप पोचवून, डोळे तांबारलेले. तेव्हा त्याची किंमत कळली नव्हती.

बाबा, एक काम करा. माझं नाव आपल्या मतदारयादीत अजून आहे का, बघून ठेवा. परदेशात राहणाऱ्यांसाठी वेगळा अर्ज असतो, तोही विचारा. मतदानाला मी सुट्टी काढून येणार आहे.

आई, गुडघ्याला तेल लावतेस ना?

तुमची लेक