आजीला एवढ्यात सांगू नकोस

चि. बाळ हिस अनेक आशीर्वाद.

रविवारी तुझे बोलणे पुरे होण्याआधीच मी फोन ठेवला, हे मला शोभले नाही, म्हणून हे पत्र. तू इंग्लंडच्या १९११ च्या जनगणनेत तात्यांना शोधून काढलेस आणि मी ‘ते आपले तात्या नव्हेतच’ असे म्हणून मोकळा झालो. आजीला मात्र यातले काहीही एवढ्यात सांगू नकोस. तिच्या लेखी तिचे आजोबा बोटीवर गेले आणि बुडाले.

नुसत्या नावावरून माणूस ठरवू नये, परके नाव कानाला येईल तसे लिहिले जाते, पुढे सूची करणारा त्यात आपली चूक मिसळतो, म्हणून मूळ पानच पाहावे आणि वय, जन्मस्थळ, व्यवसाय ताडून घ्यावेत, असे बरेच मी लिहिणार होतो. पण हे तुला मी काय शिकवायचे? त्या वर्षीचे, कुटुंबप्रमुखाने स्वतः भरलेले तक्तेच जपून ठेवले आहेत, हे तूच मला सांगितलेस. काल रात्री तू पाठवलेले पान भिंगाखाली धरले आणि पेटीतली त्यांची दोन कार्डे शेजारी ठेवली. सहीतला शेवटचा फाटा तसाच खाली ओढून डावीकडे वळवलेला आहे. ते तात्याच आहेत. चार पिढ्यांत कोणाला जमले नाही ते तू केलेस.

आजीची आजी मरेपर्यंत दाराशी आवाज झाला की उठून बघायची. आणि इथे त्यांच्याच अक्षरात लिहिले आहे: लग्नाला चार वर्षे, मुले झाली तीन, हयात एक, वारली दोन. माझा राग त्या ‘दोन’पाशी येऊन थांबला. म्हणूनच म्हणतो, आजीला फोनवर हे चुकूनही बोलू नकोस. पुन्हा तेच लिहिले, क्षमा कर.

१९२१ चे कागद २०२२ मध्ये खुले झाले, ते तू पाहशीलच. १९३१ चे १९४२ च्या आगीत गेले, १९४१ ला युद्धामुळे गणनाच झाली नाही. मधे १९३९ ची, युद्ध सुरू होताच केलेली रहिवाशांची नोंदवही तेवढी उरते. १९५१ चे कागद शंभर वर्षांनी खुले होतील, तेव्हा मी नसेन. त्यामुळे जे मिळेल ते मला आधी कळव, आणि रात्र रात्र जागू नकोस.

त्या हयात राहिलेल्या लेकराचे नाव तू सांगत होतीस, तेवढ्यात मी फोन ठेवला. ते नाव लिहून पाठव.

तुझा,
बाबा