बेळगावातल्या शहापूरच्या गाण्याच्या क्लाससाठी, परीक्षेच्या आधी

बर्मिंगहॅम, १४ सप्टेंबर

ती. आत्यास शिरसाष्टांग नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. नोव्हेंबर-डिसेंबरच्या सत्रात तुझी अकरा मुलं गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या संगीत परीक्षेला बसतायत, त्यातल्या मध्यमा परीक्षेच्या दोन मुलींचं आतापासूनच जेवणावरून मन उडालंय आणि येळ्ळूरच्या मुलाचा आवाज फुटल्यापासून तो क्लासला फिरकत नाही, हे वाचून गप्प बसवेना. फोनवर हे सगळं नीट सांगून होत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी परीक्षेची धडधड. पोर मनाने कच्चं आहे म्हणून असं होतं, असं आईवडील धरून चालतात आणि तिथंच बिघडतं. परीक्षकासमोर बसलं की अंगात अ‍ॅड्रिनॅलिन सुटतं. छाती धडधडते, श्वास वरच्यावर अडकतो, तोंड कोरडं पडतं, कातडीकडचं रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं म्हणून बोटं गार पडतात. सूर थरथरतो तो श्वास पुरत नाही म्हणून, लय चढते ती या घाईपायी. "घाबरू नको" म्हटल्याने यातलं काही थांबत नाही, उलट घाबरल्याची लाज वाढते. त्यापेक्षा सांग, "पहिली दोन-तीन मिनिटं धडधडणारच, मग उतरेल." आणि त्या दोन-तीन मिनिटांचीच तयारी करून घे. सुरुवातीची आलापी छोटी आणि मंद्र-मध्य सप्तकातली, बंदिशीची पहिली ओळ झोपेतून उठवलं तरी यावी इतकी पक्की. तबला-पेटीच्या मुलांनी आत जाण्याआधी कोमट पाण्यात हात धरावेत.

श्वासाचं असं. घड्याळाचे चार सेकंद नाकाने आत, सहा सेकंद बाहेर. मिनिटाला सहा श्वास, पाच मिनिटं पुरे. मुलं नेमकं उलटं करतात, भराभर मोठे श्वास ओढतात. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, बोटांना मुंग्या येतात, गरगरतं आणि भीती दुप्पट होते. लांबवायचं ते सोडणं. खर्जातला सा लांब धरणाऱ्या मुलांना हे जड नाही. आजपासून रोज रियाजाआधी करून घे. परीक्षेच्या सकाळी पहिल्यांदा केलं तर त्याचा गुण येत नाही.

आता पायऱ्या. तुझ्या हातात आठेक आठवडे आहेत, त्यातले सहा यासाठी ठेव. पहिल्या आठवड्यात एका मैत्रिणीसमोर पूर्ण म्हणायचं, मध्ये थांबायचं नाही. दुसऱ्यात समोर मोबाइल रेकॉर्डिंगला लावून. तिसऱ्यात दोन मोठी माणसं, घरची नकोत. चौथ्यात चिठ्ठ्या टाक, जो राग येईल तो, आणि लगेच हातावर ताल धरून दुगुन, म्हणजे दुप्पट लयीत. पाचव्यात खोली बदल, तबलजी बदल, तानपुऱ्याचं यंत्रही दुसरं आण, मुलींना परीक्षेच्याच कपड्यांत बसव. सहाव्यात रियाज निम्म्यावर. शेवटच्या आठवड्यात जास्तीचं घोकून घेतलं की आवाज बसतो आणि झोप जाते. या वयाच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते, ती रियाजाइतकीच मोजून घे.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो चुकण्याचा सराव. क्लासमध्ये आपण चूक झाली की थांबवतो आणि पहिल्यापासून म्हणायला लावतो. त्यामुळे मुलांना सुरुवात शंभर वेळा येते आणि चुकीतून बाहेर पडणं एकदाही येत नाही. आठवड्यातून एकदा मुद्दाम गोंधळ घाल. ठेका चालू ठेवून मुलीला मध्येच एक प्रश्न विचार, तिची लय सुटू दे. मग तिने करायचं ते एवढंच: गप्प राहायचं आणि तबल्याच्या डाव्या हाताच्या डग्ग्याकडे कान द्यायचा. त्रितालात डग्ग्याचा घुमारा थांबला की 'खाली', म्हणजे टाळी नसलेला भाग, चालू आहे हे कळतं. तिथून सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, पकडायची, एक आवर्तन जाऊ द्यायचं आणि पुढच्या वेळी मुखड्यावर उठायचं. चेहरा वाकडा करायचा नाही, जीभ चावायची नाही, "सॉरी" म्हणायचं नाही. पाच-सहा वेळा हे जमलं की मुलीच्या खांद्यांवरचा ताण उतरलेला तुला डोळ्यांना दिसेल.

दुरुस्ती सांगताना एका वेळी एकच. "तुला सूरच नाही" हे मुलीबद्दलचं बोलणं झालं, त्यावर तिला काही करता येत नाही. "भूपातला गंधार जरा उतरतोय, तानपुऱ्याच्या षड्जाशी लावून बघ" हे गाण्याबद्दलचं, त्यावर तिला लगेच काम करता येतं. आपल्याकडे कडक गुरू म्हणजे चांगला गुरू असा समज आहे. कडकपणा सुरावर असू दे, पोरीवर नको.

मध्यमाच्या त्या दोघी मुलींशी वेगवेगळं बोल, एकत्र नको. बहुतेक वेळा भीती परीक्षकाची नसते, घरची असते. पालकांना वीस मिनिटं बोलावून तीन गोष्टी माग. परीक्षा झाल्यावर पहिला प्रश्न मार्कांचा नको. मुलीला विचारल्याशिवाय तिच्या गाण्याचा व्हिडिओ नातेवाइकांच्या ग्रुपवर नको. पाहुणे आले की "म्हण गं एखादं" नको. परीक्षेच्या दिवशी दोनेक तास आधी हलकं खाल्लं पाहिजे, उपाशीपोटी थरथर वाढते. महिनाभरात वजन उतरलं किंवा दोघींपैकी कुणी जेवण लपवायला लागली, तर मात्र हे परीक्षेपुरतं नाही. डॉक्टरांना दाखवायला सांग. थरथर थांबायला प्रोप्रॅनोलॉलची गोळी घेणारे वादक इकडे आहेत, पण दमा असेल तर ती धोक्याची. कुणी विचारलंच तर डॉक्टरशिवाय नाही म्हण.

येळ्ळूरच्या मुलाकडे तू स्वतः जा. बारा ते पंधराच्या सुमारास मुलांच्या स्वरतंतूंची लांबी आणि जाडी वाढते, आवाज जवळजवळ एक सप्तक खाली येतो, आणि काही महिने मेंदूला नवं माप सापडत नाही म्हणून तो मध्येच फाटतो. त्याला हे आकृती काढून सांग. मुलींसोबत पांढरी पाचच्या उंच पट्टीला बसवू नकोस. दर पंधरा दिवसांनी त्याच्यासाठी पट्टी नव्याने शोध, पुढेमागे ती काळी एकच्या आसपास येऊन थांबेल. गाणं पंधरा मिनिटं, दिवसातून दोनदा, तारसप्तक बंद. उरलेला वेळ ताल, राग ओळखणं, तानपुरा लावणं. यंदाची परीक्षा पुढच्या सत्रावर गेली तर जाऊ दे. आपल्या सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व क्षयामुळे काही वर्षं गाऊ शकले नाहीत, देवासला पडून माळव्यातली लोकगीतं ऐकत राहिले आणि १९५३ च्या सुमारास पुन्हा मैफलीत आले. हे त्याला सांग, पण "बघ त्यांनी कसं सोसलं" या सुरात नको. गळा बंद असतानाही कान शिकत असतो, एवढ्यापुरतं सांग.

दोन आठवड्यांहून जास्त झोप नाही, कशात रस नाही, वाद्याला हात लावत नाही, आपल्या वस्तू वाटून टाकतो, "माझ्यामुळे सगळ्यांना त्रास" असं बोलतो, अशी चिन्हं कुठल्याही मुलात दिसली की सरळ विचार: "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मूल मोकळं होतं. हो म्हणालं तर एकटं सोडू नको, गुपित ठेवीन असं वचन देऊ नको, घरच्या विश्वासाच्या माणसाला सांग. शेतकरी घर असेल तर फवारणीचं औषध कुलपात ठेवायला लाव. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, फुकट आणि चोवीस तास. मराठीतही बोलतात, कन्नडमध्येही. तुझ्याकडे कन्नड घरातली मुलं आहेत, त्यांना तो पर्याय आवर्जून सांग, दुःख घरच्याच भाषेत निघतं. जीवावर बेतलं तर ११२. मोठ्या उपचारांना धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्याची संस्था आहे. इकडे ब्रिटनमध्ये खास संगीतकारांसाठी वेगळी हेल्पलाइन आहे, पण आपल्याकडे नाही म्हणून अडायचं कारण नाही. तू समुपदेशक होऊ नकोस. तुझं काम ओळखणं आणि पोचवणं, एवढंच.

क्लासचं दार उघडं ठेव, बोटं किंवा बैठक सुधारायला हात लावण्याआधी विचार, आणि हे नवीन तबल्याच्या सरांनाही लागू कर. त्यांना वाईट वाटेल म्हणून गप्प राहू नकोस.

आणि आता तुझं. सलग चार बॅचेस पेटीवर ओरडून शिकवणं बंद कर. पाऊण तासानंतर दहा मिनिटं पूर्ण मौन. कुजबुजसुद्धा नाही, त्यानेही गळा ताणला जातो. मुलांना दाखवायला मधून पेटीवर वाजव, प्रत्येक वेळी गाऊन दाखवायलाच हवं असं नाही. तीन आठवड्यांहून जास्त आवाज घोगरा राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जायचं, हळद-दुधावर ढकलायचं नाही. फी पाच तारखेला, हा नियम दाराशी लिहून लाव. दर महिन्याला एकेका आईला आठवण करून द्यायचा संकोचच तुला जास्त थकवतो, असं तुझ्या पत्रावरून वाटतं. पालकांच्या मेसेजला रात्री नऊनंतर उत्तर नाही. आठवड्यातला एक दिवस क्लास बंद, आणि त्या दिवशी तुझ्यासाठी गा, शिकवायचा राग सोडून दुसरा. अनगोळच्या बाईंनाही असंच सगळं एकटीने ओढावं लागतं ना? महिन्यातून एकदा दोघी भेटा, अडचणी एकमेकींना सांगा.

पायऱ्यांचा तक्ता मोठ्या अक्षरात लिहून दादाच्या फोनवर पाठवते, तो प्रिंट काढून देईल. येळ्ळूरला जाशील त्या दिवशी रात्री फोन कर, मी जागी असेन. आजीला नमस्कार, काकांना सांग की कुंदा मिळाला, डबा फुटला नाही.

तुझी,
धाकटी भाची