जुन्या सुट्या भागांच्या यादीवर आपण लिहिलेल्या ‘घेऊ नका’बद्दल आभार

आदरणीय दादा,

सादर नमस्कार.

आपले नाव कुठेही येऊ नये, ही आपली अट पाळूनच हे पत्र सर्वांसमोर ठेवत आहे. खासगी पत्रात चार ओळींत आभार मानता आले असते. परंतु जपानमधून वापरलेले सुटे भाग मागवून जुनी गाडी नव्याने उभी करू पाहणाऱ्या कोणालाही आपले सल्ले उपयोगी पडतील, आणि ते केवळ माझ्या टपालात पडून राहावेत हे मला पटले नाही. मी आपल्याला खरेदीची लांबलचक यादी पाठवली होती. आपण या व्यवसायात असूनही त्यातल्या बहुतेक ओळींपुढे ‘घेऊ नका’ असे लिहून, प्रत्येक वेळी कारण देऊन, ती परत पाठवलीत. हे आभार मुख्यतः त्या नकारांचे आहेत.

माझी गाडी माझदाची पहिल्या पिढीची रोडस्टर, १.६ लिटर इंजिनाची. १९८९ साली जपानमध्ये युनोस रोडस्टर या नावाने आणि इतरत्र एमएक्स-५ म्हणून आलेल्या या गाडीचे सुटे भाग आजही मुबलक मिळतात, आणि १९९३ मध्ये आलेल्या १.८ लिटरच्या गाडीचे पुष्कळ भाग जुन्या गाडीला बसतात. याच मुबलकतेमुळे माणूस हुरळून जातो. माझ्या यादीत सर्वांत वर १.८चे संपूर्ण इंजिन होते. त्यावर आपण किंमत कळवली नाहीत, फोटो पाठवला नाहीत. एवढेच विचारलेत की सध्याच्या इंजिनात नेमके काय बिघडले आहे. मग चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन (आत दाबल्या जाणाऱ्या हवेचा दाब) मोजून कळवायला सांगितलेत, आणि क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) पुढच्या पुलीवरील खाचा मोजायला सांगितल्यात. सुरुवातीच्या १.६ इंजिनांत क्रँकचे नाक आखूड असते, पुलीचा बोल्ट ढिला राहिला तर पुलीला जागेवर धरणाऱ्या चावीची (धातूच्या छोट्या पट्टीची) खाच झिजते आणि क्रँकच निकामी होतो; त्या इंजिनांच्या पुलीवर चार खाचा दिसतात, नंतरच्या सुधारित क्रँकवर आठ, हे मला आपल्याकडूनच कळले. माझ्या पुलीवर आठ निघाल्या आणि चारही सिलिंडरचे आकडे जवळजवळ सारखे आले. ‘मग इंजिन कशाला मागवता? मागची बाजू पाहा,’ असे आपण लिहिलेत, आणि माझ्या प्रकल्पाची दिशा त्या एका ओळीने बदलली.

मागची बाजू म्हणजे डिफरन्शियल, मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारी गिअरची पेटी. १.६च्या गाडीत क्राउन व्हील (त्यातले मोठे दातेरी चाक) सहा इंची असते, १.८मध्ये सात इंची. पुढेमागे इंजिनाची ताकद वाढवायची असेल तर सहा इंची जोड आधी हार मानतो, त्यामुळे सात इंची आणि शक्यतो टॉर्सन प्रकारचा (एक चाक घसरू लागले तरी दुसऱ्याला ताकद देणारा) डिफरन्शियल घ्यावा, असा आपला सल्ला होता. मात्र नुसता डिफरन्शियल घेऊ नका, त्याच गाडीचे दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट (चाकांकडे जाणारे दांडे) आणि प्रोपेलर शाफ्टही (गिअरबॉक्सकडून येणारा लांब दांडा) घ्या, असे आपण ठामपणे सांगितलेत, कारण १.६चे शाफ्ट सात इंची डिफरन्शियलच्या फ्लँजला (जोडणीच्या चकतीला) जुळत नाहीत, आणि हे तीन भाग तीन विक्रेत्यांकडून गोळा करणारा माणूस शेवटी एखाद्या फ्लँजपाशी अडकतो. वाहतुकीचा खर्च पाहता हे मला सुरुवातीला जास्तीचे वाटले होते. आता वाटते की परदेशातून जुना भाग मागवणाऱ्याने पहिला प्रश्न ‘हा भाग केवढ्याला’ असा न विचारता ‘याला लागून असलेले कोणते भाग सोबत लागतील’ असा विचारावा.

त्यानंतर आपण जी तपासणी केलीत, ती मी सविस्तर लिहिणार आहे, कारण या पत्राचे खरे मोल तिच्यात आहे. एका विक्रेत्याने टॉर्सन म्हणून एक डिफरन्शियल दाखवला होता. फोटो स्वच्छ होता, बाहेरून सारे ठीक होते. सगळ्याच १.८ गाड्यांत टॉर्सन नसतो, एवढे सांगून आपण त्याच्याकडून दुसरा फोटो मागवून घेतलात: शाफ्ट जिथे आत जातो त्या भोकात विजेरी धरून काढलेला. त्यात मधोमध आडवी पिन स्पष्ट दिसत होती, म्हणजे तो साधा (‘ओपन’) डिफरन्शियल होता, टॉर्सन नव्हे. विक्रेत्याला फसवायचे होते की त्यालाच ठाऊक नव्हते, यावर आपण एक शब्दही खर्च केला नाहीत. ‘हा नको’ म्हणून पुढच्याकडे वळलात. मी त्या जागी असतो तर अर्धी दुपार वाद घालण्यात घालवली असती.

दुसरा भाग टॉर्सन निघाला, तरी आपले समाधान झाले नाही. १.८च्या जपानी गाड्यांत अंतिम गिअरचे गुणोत्तर (चाके एकदा फिरताना प्रोपेलर शाफ्ट किती वेळा फिरतो ते) कुठे ४.१ तर कुठे ४.३ आढळते, आणि एका फेऱ्यात हा फरक डोळ्यांना कळत नाही. म्हणून आपण पुढच्या फ्लँजवर आणि दोन्ही बाजूंच्या शाफ्टवर खडूच्या खुणा करायला लावून, दोन्ही शाफ्ट सोबत दहा फेरे फिरेपर्यंत पुढची फ्लँज किती वेळा फिरते याचे चित्रण मागितलेत. एक्केचाळीस भरले तर ४.१, त्रेचाळीस भरले तर ४.३. एक्केचाळीस भरले. ही चाचणी करायला कोणतेही यंत्र लागत नाही, भाग उघडावा लागत नाही, आणि समुद्रापलीकडे बसलेल्या माणसालाही ती स्वतः मोजून पाहता येते. मी ते चित्रण आजही जपून ठेवले आहे.

आणि याच आकड्यातून आपण ती गोष्ट काढलीत जी माझ्या डोक्यात कधीच आली नसती. माझ्या गाडीत मुळात ४.३ होते, आणि स्पीडोमीटर गिअरबॉक्सच्या मागच्या टोकावरून चालतो. गुणोत्तर ४.१ झाले की त्याच वेगाला प्रोपेलर शाफ्ट कमी फिरतो, म्हणजे प्रत्यक्ष वेग ताशी १०० किलोमीटर असताना काटा ९५च्या आसपास राहतो. काटा कमी वेग दाखवतो, म्हणजे चूक धोक्याच्या बाजूला होते. म्हणून योग्य दातसंख्येचे छोटे प्लास्टिकचे स्पीडो गिअर त्याच खोक्यात टाकायला आपण सांगितलेत. संपूर्ण मालात सर्वांत हलकी वस्तू तीच होती.

ज्या गाडीतून भाग काढायचे त्या डोनर गाडीबद्दलही आपण माझ्यापेक्षा अधिक चोखंदळ होता. होक्काइदो आणि निईगाता यांसारख्या बर्फाळ भागांत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ पसरतात, आणि तिथल्या गाड्यांचे सस्पेन्शनचे बोल्ट व डिफरन्शियलचे कवच गंजाने खाल्लेले असते. त्यामुळे किलोमीटरचा आकडा कमी असला तरी खालून काढलेले फोटो पाहिल्याशिवाय हो म्हणू नये, हे आपण शिकवलेत. जपानमधल्या विक्रीसाठी बनलेल्या गाड्यांना सतरा अक्षरी-आकडी ओळख क्रमांक (व्हीआयएन) नसून फ्रेम क्रमांक असतो, १.६ला एनए६सीई आणि १.८ला एनए८सी अशी त्याची सुरुवात असते, आणि तो मागून घेतला की सुट्या भागांच्या सूचीत त्या गाडीवर मुळात काय बसवले होते ते पाहता येते. गाडी रीतसर मोडीत निघाल्याची कागदपत्रे ज्याच्याकडे नव्हती, त्या विक्रेत्याचा स्वस्त संच आपण दुसऱ्यांदा पाहिलाही नाहीत. चोरीच्या गाडीचे भाग असेच विकले जातात, असे आपण एका वाक्यात सांगितलेत आणि मला ते पुरले.

आता नकारांकडे येतो. १.८चे मोठे ब्रेक मला हवे होते. पुढच्या डिस्कचा व्यास २३५ मिलिमीटरवरून २५५ होतो. आपण फक्त कॅलिपरचे (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचे) ब्रॅकेट जपानमधून घेऊ दिलेत, तेही पुढचे आणि मागचे दोन्ही, म्हणजे ब्रेकच्या जोराची पुढे-मागे असलेली विभागणी बिघडणार नाही. कॅलिपर मूळचेच चालतात. डिस्क, पॅड आणि रबरी नळ्या मात्र नव्याच घ्या, असे सांगून त्या तीन ओळी आपण खोडल्यात. ऑइल सील, बुश, टायमिंग बेल्ट यांवरही तीच रेघ. जे घासून झिजते आणि जे रबराचे आहे, ते जुने आणि तेही समुद्रापलीकडून कधीच मागवू नये, हा आपला नियम इतका साधा आहे की तो आधी का सुचला नाही याचे आश्चर्य वाटते. सर्वांत कडक नकार आला तो एअरबॅगसह स्टिअरिंगला आणि सीटबेल्टच्या स्फोटक प्रिटेन्शनरला (धडकेत पट्टा झटकन ताणणाऱ्या भागाला). हे भाग वाहतुकीच्या नियमांत धोकादायक माल ठरतात, यूएन ३२६८ या क्रमांकाखाली नववा वर्ग. साध्या सुट्या भागांच्या खोक्यात ते गुपचूप घालणे म्हणजे जहाजावरच्या सगळ्यांशी खेळ. शिवाय जुन्या इन्फ्लेटरमधले (एअरबॅग फुगवणाऱ्या भागातले) रसायन उष्णतेने व दमटपणाने बिघडून काय होते, हे टकाटा कंपनीच्या एअरबॅगांनी साऱ्या जगाला दाखवले आहे. आपण हे समजावताना वापरलेला सूर थोडा कठोर होता, आणि तो तसा असायलाच हवा होता.

मालाच्या पाठवणीबद्दल थोडक्यात लिहितो. सुट्या मालाला जहाजाचे भाडे घनमीटर किंवा टन यांपैकी जे जास्त भरेल त्यावर लागते, त्यामुळे प्रोपेलर शाफ्टच्या लांबीने ठरलेल्या खोक्यात उरलेली जागा ब्रॅकेटांनी भरणे शहाणपणाचे, ही आपली युक्ती होती. डिफरन्शियलमधले तेल पूर्ण काढून भोके बुचांनी बंद करणे आणि चिकटलेली माती धुऊन टाकणे आपण विक्रेत्याकडून करवून घेतलेत. लाकडी खोक्यावर आयएसपीएम १५ या आंतरराष्ट्रीय मानकाचा शिक्का आहे का, म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला किमान ३० मिनिटे तापवून किंवा दुसऱ्या मान्य पद्धतीने कीडमुक्त केलेले आहे का, हे पाहायला सांगितलेत. शिक्का नसलेल्या खोक्यावरून आतला चांगला माल बंदरात अडकून पडतो. वापरलेल्या सुट्या भागांच्या आयातीचे नियम देशोदेशी वेगळे असल्याने पैसे भरण्याआधीच कस्टम्स एजंटला विचारून घ्या, नंतर नव्हे, हेही आपलेच सांगणे.

एका विक्रेत्याने बिलावर निम्मी किंमत आणि ‘भेटवस्तू’ असे लिहून देण्याची तयारी दाखवली होती. त्यावरचे आपले उत्तर मला फार आवडले. खोटे बिल हा सीमाशुल्काचा गुन्हा आहे हे तर आपण सांगितलेतच, पण पुढे असेही लिहिलेत की माल हरवला तर विमा त्या खोट्या आकड्याइतकाच मिळेल आणि तेव्हा खरी किंमत सांगायला तोंड राहणार नाही. नीतीचा उपदेश न करता व्यवहाराच्या भाषेत सांगितलेली ही गोष्ट अधिक परिणामकारक ठरते, असे माझे मत झाले आहे.

जोडणीच्या वेळीही आपण दूर राहून सोबत होता. बाजूचे दोन्ही ऑइल सील गाडीबाहेर असतानाच बदलायला सांगितलेत, पण पिनियनचा (पुढच्या फ्लँजमागच्या दातेरी दांड्याचा) नट मात्र गळती नसेल तर सोडवू नका असे बजावलेत. त्याखालची दबणारी नळी बेअरिंगवरचा ताण ठरवते आणि एकदा सोडवून पुन्हा अंदाजाने आवळलेला नट चांगल्या डिफरन्शियलला काही महिन्यांत भुणभुणायला लावतो. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल यांना जोडणारी ॲल्युमिनियमची लांब पॉवर प्लांट फ्रेम बसवताना उंची मोजूनच बोल्ट आवळायचे, नाहीतर वेग वाढताच थरथर सुरू होते, हे आपण दोनदा आठवण करून सांगितलेत. तेल जीएल-५ प्रतीचे, आणि ते फक्त डिफरन्शियलमध्ये. तोच डबा गिअरबॉक्समध्ये रिकामा करण्याचा मोह टाळा, असेही.

गाडी आता चालते. वळणातून बाहेर पडताना आतले चाक जागच्या जागी फिरून ताकद वाया घालवायचे ते थांबले आहे, आवाज नाही, गळती नाही, आणि काटा खरा वेग दाखवतो. पहिले तेल बदलले तेव्हा चुंबकी बुचावर फक्त बारीक राखाडी लेप होता, कीस नव्हता. त्याचा फोटो आपल्याला वेगळा पाठवला आहे.

आपल्या वेळेचा मोबदला आपण घेतला नाहीत, आणि पुन्हा विचारल्यास उत्तर देणार नाही असेही कळवलेत, म्हणून विचारत नाही. काढलेला सहा इंची डिफरन्शियल मूळच्या शाफ्टसह मी दुसऱ्या एका १.६च्या मालकाला दिला आहे. देताना भोकातून काढलेला फोटो, दहा फेऱ्यांचे चित्रण आणि एका सीलमधून होत असलेल्या किंचित गळतीची नोंद सोबत जोडली. त्याने लगेच विचारले की यात टॉर्सन बसवता येईल का. आपण मला जो पहिला प्रश्न विचारला होता, तोच मी त्याला विचारला आहे. त्याच्या उत्तराची वाट पाहतो आहे.

आपला कृतज्ञ,
एक रोडस्टरचालक